वर्षातून चार डाव: फुजिसावा शुको

काळीपांढरी (धागा):

खेळांच्या गप्पांत 'गो'चा विषय निघाला की गाडी दरवेळी अल्फागोवर जाऊन थांबते. यंत्राने माणसाला हरवलं, विषय संपला. त्याआधी या खेळात माणसंही होती आणि त्यातली काही भलतीच होती, म्हणून हा वेगळा धागा. माझा माणूस फुजिसावा शुको. कागदोपत्री हिदेयुकी. जन्म योकोहामात १९२५ साली, मृत्यू मे २००९.

ज्यांनी गो पाहिलेलाच नाही त्यांच्यापुरतं: एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा, ३६१ छेदबिंदू. काळ्या-पांढऱ्या गोट्या आळीपाळीने ठेवायच्या, ठेवलेली गोटी हलवायची नाही. ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. सगळीकडून कोंडला गेलेला गट उचलला जातो, म्हणजे 'मेला'. पुढचं वाचायला इतकं पुरे.

घराण्यापासूनच गंमत आहे. शुको जन्मला तेव्हा वडील सत्तरीला टेकलेले. त्यामुळे त्याचा पुतण्या त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा! हा पुतण्या म्हणजे फुजिसावा होसाई. निहोन किइनच्या (जपानची मुख्य गो संस्था) बढतीच्या सामन्यांतून ९ दानपर्यंत (दान म्हणजे खेळाडूचा दर्जा, ९ सर्वात वरचा) पोचलेला पहिला खेळाडू, १९४९ साली. काका तेव्हा चोविशीत, होतकरूंच्या रांगेत. काका १९३४ मध्ये किइनचा विद्यार्थी झाला, १९४० मध्ये व्यावसायिक. पुढची वीसेक वर्षं 'हुशार आहे, पण' या सदरातली. सुरुवातीच्या पन्नास खेळ्यांत याच्या तोडीचा कोणी नाही, असं सगळे म्हणायचे. एक्कावन्नाव्या खेळीनंतर काय होईल ते मात्र सांगता यायचं नाही. जिंकलेला डाव एका ढोबळ चुकीत घालवण्याबद्दल त्याची ख्याती होती.

मग १९६२. 'मेइजिन' हा किताब पूर्वी वंशपरंपरागत घराण्यांतल्या एखाद्यालाच मिळायचा. योमिउरी वृत्तपत्राने त्याची स्पर्धा केली. तेरा खेळाडू, प्रत्येकाचे बारा डाव. शेवटच्या फेरीआधी शुको ९-२, गो सेइगेन आणि साकाता एइओ दोघेही ८-३, आणि त्या दोघांची गाठ एकमेकांशीच. शुको आपला डाव हरला. म्हणजे त्या दोघांतला जो जिंकेल तो बरोबरीला येणार आणि वेगळा सामना होणार. शुको उठला आणि प्यायला गेला.

तिकडे गो-साकाता डावात मोजणी झाली आणि गुण सारखे निघाले. काळा पहिली खेळी करतो म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण देतात, ती कोमी. तेव्हा ती पूर्ण ५ गुणांची होती, अर्ध्या गुणाची भानगड नव्हती, त्यामुळे बरोबरी शक्य होती. बरोबरी झाली तर विजय पांढऱ्याचा, पण असा विजय साध्या विजयापेक्षा हलका धरायचा, असा नियम. पांढरा गो सेइगेन होता. जिंकूनही तो खाली राहिला आणि पहिला मेइजिन ठरला प्यायला बसलेला शुको. (गो सेइगेनला ही लीग चालू असतानाच, १९६१ मध्ये, मोटारसायकलची धडक बसून इस्पितळात राहावं लागलं होतं. तो अपघात झाला नसता तर, हा प्रश्न जपानी चाहते अजून घोळवतात.)

पुढच्याच वर्षी साकाताने तो किताब काढून घेतला. १९७० मध्ये रिन काइहोकडून एकदा परत मिळवला, तोही वर्षभरच टिकला. १९७५ मध्ये पहिला तेन्गेन किताब. थोडक्यात, नवी स्पर्धा निघाली की पहिला हा जिंकायचा आणि मग राखता येईना.

आता मुख्य भाग. मेइजिन स्पर्धा योमिउरीकडून आसाही वृत्तपत्राकडे गेली, त्यावरून मोठी वादावादी झाली आणि योमिउरीने त्याहून मोठ्या बक्षिसाची नवी स्पर्धा काढली: किसेई. पहिला किसेई ठरायचा होता १९७७ मध्ये. अंतिम फेरीत एकावन्न वर्षांचा शुको आणि सत्तरीला पोचलेला हाशिमोतो उतारो. तरुणांनी दोघांकडे बघून काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल. शुको ४-१ जिंकला.

आणि हा किताब त्याने सोडला नाही. १९७८ कातो मासाओ, १९७९ इशिदा योशिओ, १९८० रिन काइहो, १९८१ ओताके हिदेओ, १९८२ पुन्हा रिन. सलग सहा. हे सगळे त्याच्याहून तरुण, बहुतेक तेव्हाचे सर्वोत्तम. बाकीच्या स्पर्धांत वर्षभर शुको कोणाकडूनही हरायचा. पण किसेई विजेत्याला वर्षात एकच सामना खेळायचा असतो, सात डावांचा. आव्हानवीर वर्षभर चाळणीतून येतो, विजेता वाट बघतो. चार डाव जिंकले की झालं. शुको हे उघड बोलून दाखवायचा: मला वर्षातून चार डाव जिंकायचे आहेत.

उरलेले महिने दारू, सायकलींच्या शर्यतींवरचा जुगार, कर्ज. सामना जवळ आला की दारू एकदम बंद. ती सोडताना होणारा त्रास अंगावर काढत तो पटावर यायचा.

१९८३ मध्ये आला सव्वीस वर्षांचा चो चिकुन. शुको ३-० पुढे होता. उरलेले चारही डाव चोने जिंकले. त्याच वर्षी शुकोच्या जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. लोकांनी निरोपाचे लेख लिहून टाकले. आणि १९९१ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, या गृहस्थाने हाने यासुमासाला हरवून ओझा किताब घेतला. १९९२ मध्ये कोबायाशी कोइचीसारख्या तेव्हाच्या राजासमोर तो राखलाही. सदुसष्टाव्या वर्षी मोठा किताब हातात असलेला दुसरा कोणी जपानी गोच्या इतिहासात नाही.

माझं म्हणणं असं की 'बेशिस्त प्रतिभावंत' हे शुकोचं नेहमीचं वर्णन चुकीचं आहे. बेशिस्त माणूस सहा वर्षं बरोबर जानेवारी-फेब्रुवारीत शुद्धीवर येत नाही. कुठले चार डाव महत्त्वाचे ते त्याला पक्कं माहीत होतं. बोला.

---

वजीर_एफ३:

मस्त धागा. बुद्धिबळवाल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल, आपलंही जगज्जेतेपद असंच असायचं. १९७८ म्हटल्यावर कोर्चनॉय आठवला. बागियोत कार्पोव ५-२ पुढे, कोर्चनॉय सत्तेचाळिसाव्या वर्षी ५-५ वर आणतो आणि पुढचा डाव हरतो. त्याच वर्षी तुमचा शुको बावन्नाव्या वर्षी कातोसमोर मागून येऊन जिंकतो. तो सामना जरा सविस्तर सांगा ना. धाग्यात एका शब्दात उरकलाय.

---

काळीपांढरी:

@वजीर, मुद्दाम ठेवला होता, कोणी विचारेल म्हणून.

कातो मासाओ तेव्हा तिशीचा, होनिन्बो किताब त्याच्याकडे. टोपणनाव 'मारेकरी', कारण समोरच्याचा मोठा गट कोंडून मारण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. सामन्यात कातो ३-१ पुढे. पाचवा डाव हरला की शुकोचा किताब गेला.

गोमध्ये गट जगतो तो 'डोळ्यां'वर. गटाच्या आत दोन वेगळ्या रिकाम्या जागा राखता आल्या तर तो कधीच मरत नाही, कारण समोरच्याला दोन्ही एकदम भरता येत नाहीत. एकच डोळा असेल तर मरण. लहान गटाचं जगणं-मरणं कुणीही मोजेल. पण मोठा गट पटाच्या मध्यात पसरलेला असेल, त्याला पाच-सहा बाजूंनी पळायला फटी असतील, तर प्रत्येक फट मोजावी लागते. एक जरी राहिली तरी गट निसटतो आणि तुम्ही मारण्याच्या नादात बाकी पट गमावून बसलेले असता. म्हणून शहाणे खेळाडू मोठा गट मारायच्या फंदात पडत नाहीत. धमकावतात, थोडा फायदा काढतात, सोडून देतात.

शुको काळ्याने खेळत होता. त्र्याण्णवावी खेळी. त्याने २ तास ५७ मिनिटं घेतली. एका खेळीला. दोन दिवस चालणाऱ्या डावातसुद्धा हा आकडा अचाट आहे. प्रत्येकाचा वेळ ठरलेला असतो, तो संपला की सेकंद मोजत खेळावं लागतं. त्या तीन तासांत त्याने सगळ्या फटी मोजल्या, गोटी ठेवली आणि मग कातोचा मोठा गट मारला. मारेकऱ्याचाच गट! कातोने डाव सोडला. पुढचे दोन डावही शुकोने घेतले, सामना ४-३.

पन्नास खेळ्यांपुरता हुशार म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून ही एक खेळी पुरते असं मला वाटतं.

---

गोंधळी:

२ तास ५७ मिनिटं! आमच्याकडे कॅरमला कोणी अर्धा मिनिट नेम धरला तर स्ट्रायकर हिसकावून घेतात.

---

निळावंती:

लेख सुरेख आहे, पण 'उरलेले महिने दारू, जुगार, कर्ज' हे ज्या हलक्या हाताने लिहिलंय तिथे मी अडले.

ते उरलेले महिने कोणी निस्तरले? बायकोचं नाव मोतो. कर्जवसुलीवाले दारात यायचे ते तिच्या. नवरा महिनोन्महिने घरी नसायचा, दुसरीकडे संसार होता. हे काही मी कुजबुज म्हणून सांगत नाही. त्याने स्वतः लिहून ठेवलंय आणि मोतोबाईंनीही या संसारावर पुस्तक लिहिलंय. 'त्याला पक्कं माहीत होतं कुठले चार डाव महत्त्वाचे' हे वाक्य तिच्या बाजूने वाचून बघा. म्हणजे बाकी काहीच महत्त्वाचं नव्हतं, असंच ना?

आपल्याकडेही नाटकातल्या, गाण्यातल्या मोठ्या लोकांबद्दल असंच बोलतात. प्यायचे, पण काय आवाज होता! घरच्यांना कोणी विचारत नाही.

---

वजीर_एफ३:

@निळावंती, सहमत आहे, पण मग खेळाडूची कारकीर्द लिहायचीच कशी? प्रत्येक डावाखाली घरखर्चाचा हिशोब देणार का?

---

निळावंती:

देऊ नका. पण शिस्त म्हणून त्याचं कौतुकही करू नका. दारू दोन महिने सोडता येत असेल तर ती बाकीचे दहा महिनेही सोडता आली असती, असा त्याचा सरळ अर्थ होतो. धागाकर्तीचा मुद्दा मान्य केला तर तो माणूस जास्तच दोषी ठरतो.

---

काळीपांढरी:

@निळावंती, हे खरंय. हतबल दारुड्याला माफ करणं सोपं. ज्याला थांबता येत होतं त्याला नाही. माझं वर्णन मी तरी बदलणार नाही, पण त्याची ही दुसरी धार मान्य.

एक जोड: त्यानेही त्रास सुखासुखी काढलेला नाही. दारू सोडताना त्याला भास व्हायचे. माफी म्हणून हे सांगत नाहीये.

---

तोक्यो_लोकल:

इथे राहून बारा गावचं पाणी प्यायलेले गो-शौकीन भेटतात. वयस्कर लोकांसमोर शुकोचं नाव काढलं की आधी हसतात, मग गंभीर होतात. कोणी डावांबद्दल बोलत नाही, त्याच्या अभ्यासमंडळाबद्दल बोलतात.

जपानमध्ये व्यावसायिक गो म्हणजे गुरू-शिष्य. गुरूच्या घरी राहायचं, त्याच्याच पंथाचं म्हणवून घ्यायचं. शुकोच्या मंडळात मात्र कोणाचाही शिष्य यायचा. शिबिरं भरायची. रात्री चढलेल्या अवस्थेतसुद्धा पोराटोरांचे डाव बघायचा आणि वाईट खेळीवर अक्षरशः ओरडायचा. त्याचा स्वतःचा शिष्य ताकाओ शिंजी. २००५ ते २००७ होनिन्बो, २००६ मेइजिन. इयामा युताने २०१६ च्या एप्रिलमध्ये जपानचे सातही किताब एकदम हातात घेतले, तेव्हा नोव्हेंबरात त्यातला मेइजिन काढून घेणारा हाच ताकाओ.

अवांतर: निहोन किइनची इमारत तोक्योत इचिगायाला आहे. तिथे खेळाडूंच्या हस्ताक्षरातले घडीचे पंखे विकायला असतात. शुकोला सुलेखनातही मान होता, त्याच्या अक्षरांची प्रदर्शनं भरली. 'प्रखर प्रयत्न' अशा अर्थाची त्याची अक्षरं अजून शौकिनांच्या भिंतींवर दिसतात. अक्षर असं की कागदावर कुंचला आपटल्यासारखं, शेवटचा फराटा कागदाबाहेर जायला निघालेला.

---

आजोबा_सांगलीकर:

आम्ही सांगलीकर जन्माचे बुद्धिबळवाले, गोमधलं काही कळत नाही. पण एक विचारतो. किइनने यांना काढून टाकलं होतं असं कुठेतरी वाचलेलं आठवतं. एवढ्या मोठ्या खेळाडूला?

---

तोक्यो_लोकल:

हो आजोबा, १९९९ मध्ये. १९९८ ला ते निवृत्त झाले होते.

इथे हौशी खेळाडूंनाही दान दर्जाचं प्रमाणपत्र मिळतं. जाड कागद, मोठ्यांच्या सह्या, लोक चौकट करून लावतात. पण ते फुकट मिळत नाही. दर्जा जितका वरचा तितकी फी मोठी, आणि किइनच्या उत्पन्नाचा तो महत्त्वाचा भाग. शुकोंना ती फी अवाच्या सवा वाटायची. त्यांनी सरळ स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अक्षरात, कमी पैशात प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. संस्थेच्या पोटावर पाय आला. किइनने बाहेरचा रस्ता दाखवला. २००३ मध्ये समेट होऊन परत घेतलं.

---

आजोबा_सांगलीकर:

धन्यवाद. म्हणजे संस्था आणि खेळाडू यांचं भांडण सगळीकडे एकच असतं तर. पैसा.

---

रेघोट्या:

चीनचा भाग कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. माझ्या मते शुकोची खरी कारकीर्द तिथे आहे आणि त्यात एकही किताब नाही.

१९८१ पासून तो जपानी तरुण खेळाडूंची टोळी घेऊन चीनला जायला लागला. तेव्हा चीन या खेळात जपानच्या बराच मागे. सांस्कृतिक क्रांतीत अख्खी पिढी वाया गेलेली, खेळाडूंना शेतावर धाडलेलं. पुढे चीनचा अव्वल खेळाडू ठरलेला न्ये वेइपिंगसुद्धा त्यातलाच. शुको तिथे जाऊन खेळायचा, डाव तपासायचा, हातचं काही राखून न ठेवता सांगायचा. जपानमध्ये काहींना हे रुचलं नाही. आपलं गुपित उद्याच्या शत्रूला कशाला? तो मात्र जातच राहिला.

आणि मग चीन-जपान महासामना. दोन्हीकडे संघ, हरलेला बाहेर, जिंकलेला पुढच्याशी खेळणार. पहिलाच सामना १९८५ मध्ये शेवटाला आला तेव्हा चीनकडे एकटा न्ये वेइपिंग उरलेला, जपानकडे कोबायाशी कोइची, कातो मासाओ आणि कर्णधार शुको. तिघांपैकी एकाने जिंकलं तरी काम फत्ते. न्येची तब्येत नाजूक, प्राणवायूची नळी जवळ ठेवून खेळायचा. त्याने आधी कोबायाशीला पाडलं, मग कातोला आणि शेवटी पेइचिंगमध्ये शुकोला. चीनमध्ये गोची लाट आली ती त्या दिवसापासून. इकडे कोबायाशी, कातो आणि साठीचा शुको, तिघांनी हरल्याची भरपाई म्हणून डोकी भादरून घेतली.

कोरियाची तीच गत. चो हुनह्युन लहानपणी जपानमध्ये सेगोए केन्साकूचा शिष्य होता, पण शुकोच्या पटावरही तो घडला. १९८९ मध्ये पहिल्या इंग चषकाची अंतिम फेरी: चो हुनह्युन विरुद्ध न्ये वेइपिंग, ३-२. एक कोरियन, एक चिनी, दोघांवरही शुकोचा हात. त्यानंतर जागतिक गोमध्ये जपान हळूहळू मागे पडत गेला.

---

वजीर_एफ३:

म्हणजे स्वतःच्या देशाचं नुकसान स्वतःच्या हाताने केलं म्हणायचं?

---

रेघोट्या:

तो नसता गेला तरी चीन पुढे आलाच असता, दहा वर्षं उशिरा. शुको म्हणायचा की गोमधल्या शंभर गोष्टी असतील तर मला पाच-सहा कळतात. ज्याला मनापासून असं वाटतं तो काय लपवणार? उरलेल्या चौऱ्याण्णव कुणी का शोधेना, चिनी पोराने शोधल्या तरी त्याला चालणार होतं.

आणि जपान मागे पडला त्याचं कारण जपानमध्येच आहे. दोन-दोन दिवसांचे सामने, वृत्तपत्रांचे घसघशीत पुरस्कार, देशातल्या देशात मिळणारा मान. बाहेर जाऊन तीन तासांच्या डावात हरायची गरजच कोणाला वाटली नाही.

---

तोक्यो_लोकल:

+१. इथले जुने लोकही हेच सांगतात.

---

निळावंती:

रेघोट्यांचा प्रतिसाद वाचून माझा राग थोडा निवळला, पण मोतोबाई अजून आठवताहेत. घरातल्या पुढच्या पिढीचं काय झालं? मुलं कोणी खेळली का?

---

तोक्यो_लोकल:

मुलगा काझुनारी व्यावसायिक झाला. पण नाव काढलं ते नातीने, काझुनारीच्या मुलीने. फुजिसावा रिना, जन्म १९९८. २०१० च्या एप्रिलमध्ये साडेअकरा वर्षांची असताना व्यावसायिक झाली, तेव्हाचा जपानमधला सर्वात लहान वयाचा विक्रम. (तो २०१९ मध्ये दहा वर्षांच्या नाकामुरा सुमिरेने मोडला.) आजोबा त्याच्या वर्षभर आधी वारले होते. २०१४ मध्ये सोळाव्या वर्षी महिला होनिन्बो. आणि २०२० मध्ये वाकागोई चषक जिंकला. पुरुषांनाही खुली असलेली अधिकृत स्पर्धा जपानमध्ये एका बाईने जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

खेळ आजोबांसारखा अजिबात नाही. शेवटच्या टप्प्यात हिशोब पक्का, ढोबळ चुका नाहीत.

---

काळीपांढरी:

पहिलेपणा मात्र आजोबांचाच उचललाय.

@वजीर, १९८३ चा चो चिकुनविरुद्धचा सामना वेगळ्या धाग्यात घेते, इथे मावणार नाही. तोवर एवढंच: शुकोला ०-३ वरून उलटवणारा तोच चो, त्याच वर्षी होनिन्बोच्या सामन्यात रिन काइहोसमोर ३-० पुढे होता आणि चारही डाव हरला.

---

गोंधळी:

रिन काइहोने शुकोचा सूड घेतला म्हणा की!

---

वजीर_एफ३:

सूड कसला, रिनला शुकोने स्वतः दोनदा किसेईत पाडलंय. नव्या धाग्याची लिंक इथे टाका.